अटकेच्या यादीतला पुरुष कोण असतो?

म्हापसा-पणजी परिसरात अटक होणाऱ्या पुरुषांवर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. या पुरुषांचं वय, शिक्षण, जात, कामधंदा आणि मूळ गाव पाहिलं तर कसं चित्र दिसतं? त्यातले बहुतेक परप्रांतीय असतात हे खरं का? आणि खरं असेल तर गोव्यातली गुन्हेगारी बाहेरून येते असं लिहायला हरकत आहे का? मी गोव्यात फौजदारी वकिली करतो. माझं बरंचसं काम विधी सेवा प्राधिकरणाकडून येणाऱ्या, स्वतःचा वकील न परवडणाऱ्या आरोपींचं आहे. ज्यांच्याबद्दल हा प्रश्न आहे, त्यांच्याशीच माझं रोजचं बोलणं असतं.

आधी सरळ उत्तर देतो. चोरी, घरफोडी, मारामारी, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांत अटक झालेल्यांत राज्याबाहेरचे पुरुष भरपूर असतात, हे खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो प्रबंधात छापला गेला तर पुढे कितीतरी वर्षं कोणी ना कोणी त्याचा हवाला देत राहील. मे 2023 मध्ये कामगार दिनाच्या कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांनी राज्यातले सुमारे 90 टक्के गुन्हे परप्रांतीय मजूर करतात असं विधान केलं आणि बिहारमध्ये त्यावरून वाद पेटला. तेव्हापासून हा आकडा चहाच्या टपरीपासून न्यायालयातल्या वकिलांच्या बाररूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो कशावरून काढला, छेदात काय धरलं, हे विचारणारा क्वचित भेटतो. तुम्ही ते विचारताय, म्हणून हे लांबलचक उत्तर.

गुन्हा घडणं आणि अटक होणं यांच्यामध्ये एक निर्णय असतो, आणि तो पोलीस अधिकारी घेतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नुसता आरोप आहे म्हणून अटक करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 प्रमाणे अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवावं लागतं. आरोपी पुन्हा गुन्हा करेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, किंवा अटक न केल्यास न्यायालयात हजर राहण्याची खात्री नाही, अशी ती कारणं आहेत. यातलं काही लागू नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 41 आणि 41-अ होतं, आणि 2014 च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची कडक आठवण करून दिली होती. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणजे ती याच चौकटीत येते.

आता हा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो ते बघा. म्हापशातल्या खोर्लीचा एक मुलगा शुक्रवारच्या बाजारात मोबाइल चोरताना सापडतो. तासाभरात त्याचा काका पोलीस स्थानकावर येतो, सोबत नगरसेवकाच्या ओळखीतलं कोणीतरी असतं. घर स्वतःचं, मतदार यादीत नाव, आधार कार्डावर तोच पत्ता. त्याला नोटीस मिळते. त्याच बाजारात, त्याच शुक्रवारी, तसाच मोबाइल चोरणारा गदगचा मुलगा पर्वरीच्या बांधकामावर राहतो. त्याच्या आधारवर गदग जिल्ह्यातलं गाव आहे, मुकादमाला फोन लावला तर तो उचलत नाही, भाडेकरू पडताळणीचा फॉर्म कोणी भरलेलाच नाही. त्याची कोठडी मागणाऱ्या रिमांड अर्जात ठरलेलं वाक्य येतं: आरोपी राज्याबाहेरचा रहिवासी असून जामिनावर सोडल्यास फरार होण्याची शक्यता आहे. अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ही भीती अगदीच खोटी नाही. पोरगा रात्रीच्या बसने निघून गेला तर खटला वर्षानुवर्षं पडून राहतो. पण तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने घडलं काय? चोऱ्या दोन झाल्या आणि अटकेच्या यादीत नाव एकच चढलं. पुढे त्या यादीवरून कोणी म्हणणार, की चोर बाहेरचे असतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की गोव्यातल्या शहरांत अटक होणाऱ्या पुरुषाची सगळ्यात ठळक सामाजिक खूण म्हणजे त्याच्याकडे दाखवता येईल असा पत्ता आणि त्याच्यासाठी धावून येणारा माणूस नसतो. मूळ राज्य हे त्या खुणेचं बऱ्याचदा दिसणारं रूप आहे. ज्या परप्रांतीयाचं स्वतःचं दुकान आहे, फ्लॅट आहे, मुलं इथल्या शाळेत आहेत, त्याला पोलीस स्थानकात स्थानिकासारखीच वागणूक मिळते. आणि दारूपायी घराबाहेर काढलेला, पणजीच्या कदंब बसस्थानकावर झोपणारा अस्सल गोंयकार मात्र त्या गदगच्या मुलाइतकाच पटकन आत जातो. असे बरेच स्थानिक पुरुष मी पाहिले आहेत, आणि चर्चेत त्यांचा उल्लेखही होत नाही याचं मला वाईट वाटतं.

अटक झाली की पोलीस एक छापील नमुना भरतात. त्यात नाव, वडिलांचं नाव, उंची, अंगावरच्या खुणा यांच्याबरोबर आरोपीच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचाही रकाना असतो: राहणीमान, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न गट. तुमच्या प्रबंधाचं अर्धं साहित्य या एका रकान्यात आहे, पण तो कसा भरला जातो हे जाणून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नका. रात्री साडेअकराला हवालदार विचारतो, "कितवी शिकला?" आरोपी म्हणतो सातवी, कारण आठवीत नाव घातलं होतं पण गेला नाही. व्यवसाय म्हणून ‘मजुरी’ लिहिलं जातं. प्रत्यक्षात हा माणूस हंगामात शॅकमध्ये वेटर असतो, पावसाळ्यात गवंड्याच्या हाताखाली काम करतो आणि मध्ये दोन महिने बेकार असतो. ‘मजुरी’ या एका शब्दाखाली टाइल्स बसवणारा कसबी कारागीर आणि भंगार गोळा करणारा पोरगा एकाच रांगेत बसतात. कन्नड बोलणाऱ्याशी संवाद तुटक हिंदीत होतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी देणं बंधनकारक केलं. भाषेची अडचण किती खोल आहे ते यावरूनही कळावं.

जातीचा रकाना तर आणखी फसवा आहे. अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी असते. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत येतो, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत मोडतात, आणि गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत तो समाज नाहीच. मग बागलकोटचा लमाणी तरुण कळंगुटला पकडला गेला तर इथल्या नोंदीत कुठे जाणार? बऱ्याच वेळा ‘इतर’मध्ये. उलट गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे स्थानिक आदिवासी आरोपीची नोंद तुलनेने नीट होते. या आकड्यांवरून जातीनिहाय तक्ता काढाल, तर बाहेरून आलेला दलित आणि भटका त्यात दिसणारच नाही. आणि अटकेचा फटका सगळ्यात जास्त ज्यांना बसतो, त्यांत हेच लोक आहेत.

वयाचं म्हणाल तर इथे गोवा जगापेक्षा वेगळा नाही. चोरी आणि मारामारी हे विशीतल्या पुरुषांचे गुन्हे आहेत, जवळपास प्रत्येक देशात. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या कारागृह अहवालात देशभरात 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. स्त्रिया अवघ्या चार टक्क्यांच्या आसपास. कच्च्या कैद्यांपैकी जवळपास निम्मे 18 ते 30 वयाचे होते, आणि एकूण कैद्यांतले सुमारे दोन-तृतीयांश दहावीच्या आत शिकलेले. अठराच्या आतली मुलं बाल न्याय मंडळाकडे जातात, त्यामुळे अटकेच्या यादीत ती सापडत नाहीत आणि वयाचा आलेख खालच्या बाजूने कापलेला असतो. हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

आता वय आणि स्थलांतर एकत्र ठेवून बघा, कारण टक्केवारीचा मोठा घोळ इथेच होतो. गोव्यात कामाला येणारा माणूस म्हणजे मुख्यतः तरुण पुरुष. बायको, म्हातारे आईवडील आणि लहान मुलं गावी. समजा, एका जुन्या वाड्यावरच्या 1000 लोकांत 18 ते 30 वयाचे पुरुष 120 आहेत आणि बांधकाम मजुरांच्या वस्तीतल्या 1000 लोकांत 600. दोन्हीकडचे तरुण अगदी सारख्याच प्रमाणात भांडतात, चोरतात, पितात असं धरलं, तरी मजूर वस्तीतून पाचपट अटका होतील. स्वभावात काडीचाही फरक नसताना! म्हणून परप्रांतीय आणि स्थानिक अशी तुलना करायची असेल तर त्याच वयाच्या पुरुषांशी करा, नाहीतर करू नका. पण नेमकी हीच लोकसंख्या मोजलेली नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, आणि त्यानंतर वाढलेल्या खोल्या, चाळी, कामगारांच्या पत्र्याच्या शेड यांत किती माणसं राहतात हे त्या आकड्यात नाही. त्यात पर्यटक मिळवा. सरकारी आकड्यांनुसार 2024 मध्ये एक कोटीहून अधिक पर्यटक आले. हणजूण-कळंगुटच्या पट्ट्यात पर्यटकही अटक होतात, पण गुन्ह्यांचा दर काढताना छेदात मात्र रहिवासीच धरले जातात. मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावरचे ट्रॉलर कामगारही तसेच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्यातले बरेच गावी जातात. वर्षाच्या कुठल्या महिन्यात यादी पाहिली यावर चित्र बदलतं.

गुन्ह्याचा प्रकार बदलला की आरोपीचा चेहराही बदलतो, आणि सगळ्या अटका एका सरासरीत ढकलल्या की हे हरवतं. रस्त्यावरच्या मृत्यूचं उदाहरण घ्या. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम जामीनपात्र आहे. चालकाला अटक दाखवून पोलीस स्थानकातच जामिनावर सोडतात. हा चालक अनेकदा स्थानिक असतो, नोकरदार असतो, चाळिशीतला कुटुंबवत्सल माणूस असतो. मटक्याच्या छाप्यात सापडणारा माणूस आकडे लिहून घेणारा असतो, बऱ्याच वेळा वयस्क आणि त्याच गावातला. धंद्याचा मालक क्वचित हाती लागतो. क्रिकेटच्या हंगामात भाड्याच्या व्हिलावर छापा पडतो तेव्हा लॅपटॉप आणि मोबाइलच्या ढिगाऱ्यासह पकडलेले तरुण दुसऱ्या राज्यांतून खास त्याच कामाला आणलेले, शिकलेले, पगारी असतात. जमीन हडप प्रकरणांसाठी सरकारने 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमलं. तिथे कामाला येतं ते जुनी पोर्तुगीज कागदपत्रं, वारसांची गैरहजेरी आणि नोंदणी कार्यालयाची जाण, आणि ही जाण पर्वरीच्या बांधकामावरच्या मजुराकडे कुठून असणार? 2024 मध्ये सरकारी नोकरीचं आमिष दाखवून पैसे घेतल्याची प्रकरणं बाहेर आली, त्यातले आरोपी ओळखीपाळखीतले, स्थानिक, आणि त्यात स्त्रियाही ठळकपणे होत्या. बालकांवरील अत्याचाराचे खटले गोवा बाल कायदा, 2003 खाली बाल न्यायालयात चालतात. तिथे वय, शिक्षण, जात, धर्म, प्रांत यांपैकी कुठलीच खूण उपयोगी पडत नाही, फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो.

एखाद्या कुटुंबाला जमीन गमावताना झालेलं नुकसान शंभर मोबाइल चोऱ्यांहून मोठं असतं. अटकेच्या आकड्यात मात्र त्या शंभर चोऱ्या शंभर असतात आणि जमिनीचा गुन्हा एक.

अमली पदार्थांबद्दल थोडंच सांगतो. या कायद्यात सगळं प्रमाणावर ठरतं. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, 20 किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी प्रमाण. आणि व्यापारी प्रमाणात जामीन मिळणं फार कठीण. प्रत्यक्ष माल हातात घेऊन फिरणारा सापडतो, आणि तो साखळीतला सगळ्यात खालचा दुवा असतो. त्या दुव्यावरचा तरुण ओडिशाचा, नेपाळचा किंवा आपल्या बार्देशातलाच असू शकतो. पुरवणारा कोण, हे अटकेच्या यादीतून कळत नाही.

आता जामिनाकडे येतो, कारण ‘तुरुंगात कोण आहे’ या आकड्यावरूनही लोक ‘गुन्हे कोण करतं’ हे ठरवतात. न्यायाधीश जामीन मंजूर करतात, अट असते स्थानिक जामीनदाराची. गोव्यात मालमत्ता असलेला किंवा पक्की नोकरी असलेला माणूस उभा राहायला हवा. बांधकामावरच्या मजुरासाठी तो कुठून येणार? माझ्या एका अशिलाला उत्तर गोव्यातल्या एका न्यायालयाने जामीन दिला होता. त्याचा भाऊ विजापूरहून आला, गावच्या दोन एकरांचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. तो उतारा चालला नाही, कारण जमीन गोव्याबाहेरची. भाऊ दोन रात्री म्हापशाच्या बसस्थानकावर काढून परत गेला आणि जामीन मिळालेला माणूस कोलवाळच्या तुरुंगातच राहिला. हे 1978 मध्येच निकाली निघालेलं प्रकरण आहे, म्हणून जास्त चीड येते. मोती राम खटल्यात एका गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट फेटाळली आणि त्याला 1000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. आजही तो निकाल मला पुन्हा पुन्हा अर्जात लिहावा लागतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजनाही आली, त्यात तेव्हा कच्च्या कैद्यासाठी 40,000 रुपयांपर्यंत तरतूद होती. कागदावर सगळं आहे. तरीही एका दिवशी कोलवाळची मोजदाद केली तर स्थानिक आरोपी जामिनावर घरी गेलेला आणि परप्रांतीय आत राहिलेला दिसेल, आणि कारागृह अहवालातला ‘इतर राज्यांतले कैदी’ हा रकाना फुगलेला असेल.

पत्ता नसण्याच्या मागे वस्तीचं गणित आहे. मडगावचा मोतीडोंगर, वास्कोजवळचं झुआरीनगर, चिंबलचं इंदिरानगर ही नावं घेतली की लोक मान डोलावतात. पण घरमालक एका खोलीत सहा जणांना ठेवतो, भाडं रोख घेतो, पावती देत नाही, पडताळणीचा फॉर्म भरत नाही. कारण फॉर्म भरला तर भाडं कागदावर येतं. त्या सहा जणांचा कायदेशीर पत्ता नाहीसा होतो तो इथे, आणि हे करणारा मालक बहुधा स्थानिक असतो. अमेरिकेत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी 1942 मध्ये शिकागोबद्दल दाखवलं, की शहराच्या ठरावीक पडक्या, भाड्याच्या पट्ट्यात बालगुन्हेगारीचं प्रमाण दशकानुदशकं जास्तच राहिलं, तिथे राहणारे लोक मात्र बदलत गेले. आधी एका देशातून आलेले, ते स्थिरावून बाहेर पडले की दुसऱ्या देशातले. तुमच्या प्रबंधात मोतीडोंगर किंवा झुआरीनगरसाठी हा प्रश्न विचारता आला तर मला फार आनंद होईल: वीस वर्षांपूर्वी तिथून कोण अटक होत होतं, आज कोण होतं, आणि तेव्हाच्यांची मुलं आता कुठे आहेत?

प्रत्यक्ष कामाचं सांगतो. अटका तीन गठ्ठ्यांत वेगळ्या करा: जामीनपात्र, अजामीनपात्र आणि प्रतिबंधात्मक. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खालची प्रतिबंधात्मक अटक सण, निवडणूक किंवा मोहिमेच्या वेळी होते. त्यात गुन्हा घडलेलाच नसतो, आणि 24 तासांत सोडावं लागतं. ती बाकीच्यांत मिसळली की सगळा अभ्यास वाया. त्याच संहितेच्या कलम 37 प्रमाणे अटक केलेल्यांची माहिती पोलीस स्थानकात फलकावर लावायची असते, ती पाहा. पण नावं टिपून घेऊ नका, तुम्हाला नावांची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करताना नुसत्या अटका मागू नका. त्याच कलमांखाली कलम 35 च्या नोटिसा किती दिल्या, आणि त्या मिळालेल्यांचा पत्ता कुठल्या राज्यातला, हे मागा. नोटीस मिळालेले आणि अटक झालेले शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर निघणार नाही. रिमांड अर्ज आणि जामिनाचे आदेश वाचा. जामीन मंजूर झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष सुटकेची तारीख यांतलं अंतर स्थानिक आणि परप्रांतीय आरोपींसाठी वेगवेगळं मोजा.

कोलवाळला मुलाखती घ्यायच्या असतील तर कारागृह प्रशासनाची परवानगी लागेल, आणि तिथे एक पथ्य काटेकोर पाळा. कच्च्या कैद्याला त्याच्या गुन्ह्याबद्दल काहीही विचारू नका. त्याचं बोलणं तुमच्या वहीत राहील आणि ती वही उद्या कोणीही मागू शकेल. कामाबद्दल विचारा, खोलीबद्दल विचारा, शेवटचा पगार कधी मिळाला ते विचारा, अटकेची बातमी घरी कोणी कळवली ते विचारा. वकील नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला सांगा की कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाला 15100 वर कळवा.